बी.एस्सी. रसायनशास्त्र आणि एम.ए. तत्त्वज्ञान : नोकरीच्या जागेवरून केलेले परीक्षण

बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून राज्यात सातत्याने पहिले येत आहे, आणि निकाल लागला की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत घराघरांत एकच विचारविनिमय सुरू होतो: मुलाला कोणत्या शाखेला घालायचे आणि त्याचा पुढे उपयोग काय. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणारे पालक वाढले आहेत, कारण माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या पदव्या आहेत. रसायनशास्त्रातील बी.एस्सी. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयातून नियमित विद्यार्थिनी म्हणून घेतली. तत्त्वज्ञानातील एम.ए. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मासळीप्रक्रियेच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी करता करता, एका मुक्त विद्यापीठातून घेतली. दोन्ही संस्थांची नावे येथे देत नाही, कारण हे परीक्षण पदव्यांचे आहे. पैसे, वेळ आणि कष्ट खर्चून जी वस्तू आपण घेतो ती प्रत्यक्ष कामात किती उपयोगी पडते, एवढेच मला तपासायचे आहे.

माझे मत आधीच सांगते, म्हणजे वाचकाला पुढचे मुद्दे त्याच्याशी ताडून पाहता येतील. पोटापाण्याची सोय ज्याला पदवीनंतर लगेच करायची आहे, त्याने विज्ञानाची पदवी आधी घ्यावी. तत्त्वज्ञानाची पदवी निरुपयोगी आहे हे मात्र मला साफ अमान्य आहे. तिचा उपयोग नोकरी मिळवताना कमी आणि नोकरी करताना जास्त होतो. जिथे यंत्राने आकडा दिलेला असतो पण निर्णय माणसानेच घ्यायचा असतो, तिथे तो होतो. असे प्रसंग कारखान्यात, कचेरीत आणि ग्रामसभेत आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त येतात.

विज्ञानाच्या पदवीची बाजारातली किंमत समजायला फार शोध घ्यावा लागत नाही. लोटे-परशुराम, महाड, रोहा येथील औद्योगिक वसाहतींतल्या रासायनिक कारखान्यांच्या जाहिराती पाहाव्यात, त्यांत ‘बी.एस्सी. रसायनशास्त्र’ हे शब्द स्पष्ट लिहिलेले असतात आणि त्यांच्या जागी कला शाखेची पदवी चालत नाही. अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात तर ही अट कायद्यातून आलेली आहे. २००६च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली अन्न विश्लेषक होण्यासाठी रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा विषयांची पात्रता लागते. आंब्याचा गर डबाबंद करणारा उद्योग असो वा गोठवलेली मासळी परदेशी पाठवणारा, प्रयोगशाळेच्या अहवालावर सही करणाऱ्या माणसाची पदवी निरीक्षक विचारतातच. तत्त्वज्ञानाची पदवी कोणी अशा तपासणीत विचारत नाही.

विज्ञानाच्या पदवीने मला हात दिले, असे मी म्हणेन. ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या काचनळीतून) थेंब थेंब सोडताना फ्लास्कमधील द्रावण एका थेंबाने रंगहीनाचे फिकट गुलाबी होते, तो थेंब कोणता हे डोळ्याला कळू लागते. तीन वाचने जुळेपर्यंत पुन्हा करायचे, जुळली नाहीत तर जुळवून लिहायची नाहीत, ही शिस्त अंगात मुरते. हापूसच्या गराचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचे प्रमाण) मोजताना रिफ्रॅक्टोमीटर आधी शुद्ध पाण्यावर शून्याला आणायचा, गराचा सामू (पीएच) ४.६च्या खाली का असला पाहिजे आणि त्याच्या वर गेला तर डब्यात कोणता जिवाणू वाढू शकतो, हे सगळे मला त्या तीन वर्षांच्या जोरावर नोकरीच्या पहिल्याच हंगामात समजले. अशी कौशल्ये घरी बसून पुस्तकांतून येत नाहीत. त्यांना प्रयोगशाळा, रसायने आणि चूक दाखवणारे शिक्षक लागतात, आणि म्हणूनच या पदवीसाठी महाविद्यालयात जाऊन दिलेली वर्षे मला वाया गेली असे कधी वाटले नाही.

तरीही नुसत्या बी.एस्सी.विषयी पालकांच्या ज्या अपेक्षा असतात त्या वास्तवाला धरून नाहीत, हे सांगणे मी कर्तव्य समजते. एम.एस्सी. किंवा एखादी विशेष पात्रता नसेल तर बहुतेक मुले पाळीच्या कामात, कंत्राटावर, वर्षानुवर्षे त्याच पदावर राहतात. आंब्याच्या प्रक्रियेतील काम हंगामी असते. मासळीच्या धंद्यात १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात यांत्रिक नौका समुद्रात जात नाहीत आणि कारखान्यांचे काम मंदावते. दुसरी उणीव शिक्षणातली आहे. आमच्या वेळी प्रयोगाचे उत्तर जर्नलमध्ये आधीच ठरलेले असे. प्रयोग करायचा तो त्या उत्तरापर्यंत पोचण्यासाठी. उत्तर वेगळे आले तर ते का आले याची चौकशी करायला वेळ नसे, आणि गुण मिळत ते अपेक्षित आकड्याला. त्यामुळे पद्धत हाताला येते, पण पद्धतीवर कोठपर्यंत विश्वास ठेवायचा हा प्रश्न मनात येतच नाही. तो माझ्या मनात दुसऱ्या पदवीने आणला.

आता त्या पदवीचा व्यवहार. दोन वर्षांचे शुल्क मिळून माझ्या एका महिन्याच्या पगारात बसले. प्रवेशाला कोणत्याही शाखेची पदवी चालली. मूल्यमापनात घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांना आणि सत्रान्त परीक्षेला वेगवेगळे गुण होते. स्वाध्याय मी मासेमारीबंदीच्या महिन्यांत लिहीत असे, कारण तेव्हा प्रयोगशाळेत नमुने कमी येतात. अभ्यासात भारतीय दर्शने, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि ज्ञानमीमांसा होती. अभ्याससाहित्य इंग्रजीत आणि हिंदीत होते, मराठीत नव्हते. भारतीय दर्शनांपुरती याची अडचण झाली नाही, कारण प्रत्यक्ष, अनुमान, हेतू, दृष्टान्त हे शब्द हिंदीत जे आहेत तेच मराठीत आहेत. जर्मन तत्त्वज्ञ कांटसारख्या विचारवंतांपाशी मात्र हिंदी आणि इंग्रजी दोन्ही पाठ समोर ठेवून वाचावे लागले. मराठी विश्वकोशातील तत्त्वज्ञानविषयक नोंदी महाजालावर मोफत आहेत आणि त्यांनी मला फार आधार दिला. विश्वकोश मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे न्यायशास्त्राचे, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राचे, पंडित, आणि पुढे अध्यक्ष झालेले मे. पुं. रेगे हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. या विषयाच्या नोंदी इतक्या कसोशीने लिहिलेल्या का आहेत, याचे उत्तर बहुधा त्यातच आहे.

दूरस्थ शिक्षणातून घेतलेल्या तत्त्वज्ञानाच्या पदवीत एक मोठी उणीव आहे आणि ती शुल्क कमी असल्याने भरून निघत नाही. या विषयात आपले म्हणणे दुसऱ्याने खोडून काढल्याशिवाय ते पक्के होत नाही. न्यायदर्शनात पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजू, मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडत नाहीत, ते याचसाठी. घरी एकटीने वाचताना पूर्वपक्षही मीच आणि उत्तरपक्षही मीच, त्यामुळे आपली बाजू नेहमी जिंकते. संपर्कवर्ग लांबच्या केंद्रावर असत आणि नोकरीमुळे त्यांना जाणे बहुतेक वेळा जमले नाही. माझ्या कामाच्या ठिकाणी वाद घालणारी माणसे भरपूर होती म्हणून ही उणीव काहीशी भरून निघाली. बारावीनंतर थेट घरी बसून या विषयाची पदवी घेणाऱ्या मुलाला ती जास्त जाणवेल.

या पदवीचा कामात उपयोग काय झाला, हे मी एका उदाहरणाने सविस्तर सांगते, कारण ‘विचारशक्ती वाढते’ यासारखी मोघम विधाने मला स्वतःला पटत नाहीत.

बांगडा हा सुरमई आणि ट्यूना यांच्याच कुळातला मासा. त्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यानंतर नीट थंड ठेवला नाही तर काही जिवाणू त्याचे हिस्टामीन करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामीन गोठवून किंवा शिजवून जात नाही. ते खाणाऱ्याला ॲलर्जीसारखा त्रास देते. युरोपीय संघाच्या २००५च्या नियमानुसार अशा माशांच्या एका लॉटमधून ९ नमुने तपासायचे असतात. सरासरी किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, ९ पैकी २ नमुने १०० आणि २०० यांच्या दरम्यान असले तरी चालतात, आणि एकही २०० ओलांडता कामा नये. हे नमुने कसे काढायचे, एचपीएलसी यंत्रावर (द्रावणातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या) कसे मोजायचे आणि मोजमापातील अनिश्चितता किती धरायची, हे सगळे विज्ञानाच्या पदवीतून आणि तिच्यानंतरच्या प्रशिक्षणातून आले. त्याला पर्याय नाही.

एका हंगामात एका विशिष्ट नौकेच्या बांगड्यात हिस्टामीन पुन्हा पुन्हा जास्त येऊ लागले. खरेदी विभागाने निष्कर्ष काढला की त्या नौकेवर बर्फ कमी घालतात, आणि तिचा माल यापुढे घेऊ नये असा प्रस्ताव माझ्याकडे सहीसाठी आला. आकडे खोटे नव्हते. ते माझ्याच प्रयोगशाळेने दिले होते. नौकेचे तांडेल, म्हणजे नौकेवरचे प्रमुख, स्वतः भेटायला आले. ते एवढेच म्हणाले, “ताई, बर्फात आम्ही कधी काटकसर केली नाही. माल धक्क्यावर उतरल्यानंतर त्याचं काय होतं, तेसुद्धा एकदा बघा.”

त्याच सुमारास मी न्यायदर्शनातील व्याप्तीचा, म्हणजे दोन गोष्टींच्या नेहमीच्या साहचर्याचा, भाग वाचत होते. धूर दिसला की अग्नी आहे असे अनुमान करता येते, पण अग्नी दिसला म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण धूर येण्यासाठी इंधन ओले असावे लागते. या ओल्या इंधनाला नैयायिक उपाधी म्हणतात. दोन गोष्टी नेहमी एकत्र दिसतात म्हणून आपण त्यांची सांगड घालतो, पण खरे काम तिसरीच गोष्ट करत असते आणि ती नजरेतून सुटते. उपाधी शोधायची रीतही तिथेच आहे: जिथे हेतू (खूण) आहे पण साध्य (जे सिद्ध करायचे ते) नाही अशी स्थळे मुद्दाम शोधायची, आणि अन्वय (एक असेल तिथे दुसरे असणे) व व्यतिरेक (दुसरे नसेल तिथे पहिले नसणे) दोन्ही बाजूंनी पडताळायचे. मी प्रस्तावावर सही न करता त्या नौकेचे जे लॉट चांगले निघाले होते ते बाजूला काढले. ते कोणी पाहिलेच नव्हते, कारण तक्रारीच्या फायलीत फक्त वाईट लॉट लावले होते. चांगले निघालेले सगळे लॉट पहाटे उतरले होते. मग दुसऱ्या नौकांचे जे मोजके लॉट वाईट निघाले होते त्यांच्या नोंदी पाहिल्या. ते दुपारचे होते. दुपारी धक्क्यावर आमची गाडी पुरती भरण्यासाठी दुसऱ्या नौकेची वाट पाहत उन्हात उभी राहत होती, आणि ही नौका तिच्या मासेमारीच्या जागेमुळे बहुतेक वेळा दुपारीच लागत होती.

गाडी अर्धी भरली तरी सोडायची आणि क्रेटवर बर्फाचा वरचा थर धक्क्यावरच पुन्हा द्यायचा, असा बदल आम्ही केला. त्यानंतरच्या लॉटचे आकडे खाली आले आणि नौकेचा माल पुढेही घेतला गेला. त्या नौकेवर तांडेल आणि खलाशी मिळून बरीच घरे चालतात. प्रस्तावावर सही झाली असती तर त्यांचे नुकसान झाले असते आणि आमचे हिस्टामीन होते तिथेच राहिले असते.

हे तर विज्ञानाच्या पदवीतही शिकवतात, असे कोणी म्हणेल, आणि संख्याशास्त्राच्या चांगल्या वर्गात ते शिकवतातही. पण माझ्या अनुभवात विज्ञानाच्या पदवीने मला मोजायला शिकवले. मोजलेल्या आकड्यावरून कोणावर ठपका ठेवता येतो आणि कोणावर नाही, हा वेगळा प्रश्न आहे हे मला तत्त्वज्ञानाने शिकवले. ९ नमुन्यांवरून हजारो माशांच्या लॉटविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळतो, हा प्रश्न स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमने १८व्या शतकात विचारला तेव्हा त्याच्यासमोर बांगडे नव्हते, पण नमुन्याच्या प्रत्येक तक्त्याखाली तोच प्रश्न आहे. तो ठाऊक असलेला माणूस अहवालात ‘लॉट सुरक्षित आहे’ असे न लिहिता ‘तपासलेल्या नमुन्यांनुसार लॉट निकषांत बसतो’ असे लिहितो. परदेशी ग्राहकांच्या लेखापरीक्षकांपुढे या दोन वाक्यांतील फरक मोठा असतो.

अहवालांच्या लेखनावर झालेला परिणामही नोंदवण्यासारखा आहे. प्रतिज्ञा (काय सिद्ध करायचे), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण समोरच्या गोष्टीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) हे न्यायदर्शनातील युक्तिवादाचे पाच अवयव. त्यांच्या क्रमाने लिहिलेला सुधारणा-अहवाल वाचणाऱ्याला परत प्रश्न विचारावे लागत नाहीत. वरिष्ठांनी माझे अहवाल इतरांना नमुना म्हणून दिले. पदोन्नतीत त्याचा वाटा किती, हे मला वेगळे काढून दाखवता येणार नाही.

कारखान्याच्या बाहेरचा उपयोग मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. पश्चिम घाटाच्या संरक्षणाच्या प्रश्नाने कोकणातील प्रत्येक तालुका कधी ना कधी ढवळला गेला आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०११मध्ये अहवाल दिला. त्यात सगळा घाट तीन श्रेणींत पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानला होता आणि निर्णयात ग्रामसभांना स्थान होते. कस्तुरीरंगन समितीने २०१३मध्ये साधारण ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवण्याची शिफारस केली. डोंगर तेच, नद्या त्याच, आणि दोन्हीकडे नामवंत शास्त्रज्ञ. शिफारशी वेगळ्या झाल्या, कारण कशाला किती मोल द्यायचे, शेती आणि वस्तीचा भूभाग निसर्गापासून वेगळा धरायचा की नाही, आणि अंतिम शब्द कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे वेगळी होती. हे प्रश्न उपग्रहाच्या छायाचित्रांनी सुटत नाहीत. आमच्या भागातील सभांत मी पाहिले आहे की अशा वेळी एक बाजू दुसरीला ‘तुम्हाला विज्ञान कळत नाही’ असे म्हणते आणि दुसरी ‘तुम्हाला माणसे कळत नाहीत’ असे म्हणते, आणि दोघेही वेगवेगळ्या प्रश्नांविषयी बोलत आहेत हे सांगणारे कोणी नसते. नीतिशास्त्राचा एक अभ्यासक्रम मनापासून केलेला माणूस निदान ते दोन प्रश्न सुटे करून दाखवू शकतो.

पगाराच्या दृष्टीने पाहिले तर तत्त्वज्ञानाच्या पदवीचे मार्ग थोडे आहेत, पण ते खरे आहेत. पहिला कायद्याचा. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. करता येते आणि त्यासाठी कोकणाबाहेर जावेच लागते असे नाही. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे. युक्तिवाद वाचणे, त्यातील दुवा कोठे सुटला ते दाखवणे आणि शब्दाच्या व्याप्तीवर भांडणे हे वकिलाचे रोजचे काम, आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्याची सवय असते. दुसरा मार्ग स्पर्धा परीक्षांचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा ५०० गुणांचा वैकल्पिक विषय घेता येतो, २०१३पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे, आणि निबंधाचे आणखी २५० गुण. आपली राज्यसेवा मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. तरीही या परीक्षेसाठी म्हणून तत्त्वज्ञानाची पदवी घ्यावी असे मी सांगणार नाही. उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण फार कमी असते आणि वैकल्पिक विषय पदवीत नसला तरी घेता येतो. तिसरा मार्ग अध्यापनाचा. त्यासाठी नेट किंवा सेट लागते, आणि कोकणात तत्त्वज्ञानाच्या जागा मोजक्याच आहेत. या मार्गावर संपूर्ण भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

तत्त्वज्ञानाचे समर्थक अमेरिकेतील जीआरई या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा दाखला नेहमी देतात. तो दाखला खरा आहे: विषयवार सरासऱ्यांत तत्त्वज्ञानाकडे जाणारे विद्यार्थी भाषिक आणि विश्लेषणात्मक लेखनाच्या विभागांत वर्षानुवर्षे अग्रभागी दिसतात, तर गणिती विभागात भौतिकशास्त्र, गणित आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी पुढे असतात. पण येथेही उपाधी शोधावी लागते. ज्यांना वाचनाची आणि लेखनाची आवड आधीपासून आहे तेच तिकडे तत्त्वज्ञान निवडत असतील, तर त्या गुणांचे श्रेय पदवीला किती द्यायचे? शिवाय तिकडचा पदवीधर चार वर्षांत विज्ञानाचेही काही अभ्यासक्रम करतो. हा आकडा दाखवून कोणी दापोलीतील किंवा मालवणातील पालकांना तत्त्वज्ञानाची पदवी विकत असेल, तर त्यांनी सावध राहावे.

माझ्या मते निर्णायक मुद्दा क्रमाचा आहे, आणि पालकांशी बोलताना मी सर्वांत जास्त वेळ त्यावरच घालवते. बी.एस्सी. झालेल्या मुलीला एम.ए. तत्त्वज्ञानाला प्रवेश मिळतो, बी.ए. तत्त्वज्ञान झालेल्या मुलीला एम.एस्सी. रसायनशास्त्राला सहसा मिळत नाही. बारावी कला झालेल्याला बी.एस्सी.चे दार सहसा बंद असते. बारावी विज्ञान झालेल्याला बी.ए.चे उघडे असते. सतराव्या-अठराव्या वर्षी मन निश्चित झालेले नसेल तर ज्या बाजूने परत वळता येते त्या बाजूने जावे, हे मला शहाणपणाचे वाटते. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांची १८७७ची पदवी गणितातली होती, त्यानंतर कायदा आला, आणि तत्त्वज्ञानावरील मोठे लेखन त्यांनी पन्नाशी उलटल्यावर केले. त्यांच्यासारखी बुद्धी सगळ्यांना नसते, पण हा क्रम कोणालाही घेता येण्यासारखा आहे.

२०२२पासून हा क्रम एकामागून एकच असला पाहिजे असेही राहिलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी एकाच वेळी दोन पदवी अभ्यासक्रम करण्यास परवानगी दिली. एक नियमित आणि दुसरा मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीने करता येतो. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या समकक्ष धरली जाईल, हेही आयोगाने त्याच वर्षी स्पष्ट केले. त्यामुळे लांज्याच्या किंवा कुडाळच्या एखाद्या मुलीला दिवसा प्रयोगशाळेत आणि सुट्टीत तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत राहणे आता नियमाने शक्य आहे. भार मोठा आहे. पहिल्या वर्षी दोन्ही सुरू करू नये, प्रयोगशाळेची घडी बसली की दुसऱ्या वर्षी करावे. नव्या शैक्षणिक धोरणाखालील चार वर्षांच्या पदवीत दुय्यम विषयाची तरतूद आहे, पण आपल्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान प्रत्यक्ष शिकवतात का, त्याला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, हे कार्यालयात जाऊन विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

ज्याच्या घरात पहिल्या पगाराची निकड नाही, ज्याला वाचनाचा कंटाळा नाही आणि ज्याचे पुढचे पाऊल कायदा किंवा संशोधन हे ठरलेले आहे, त्याने बारावीनंतर थेट तत्त्वज्ञान घेतले तर मी त्याला अडवणार नाही. मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणी जिवंत विभाग आहेत, ग्रंथालये आहेत आणि वाद घालायला माणसे आहेत. ही पदवी पूर्णपणे हवी असेल तर तिथे जाऊन घ्यावी. गणितात किंवा प्रयोगात अजिबात रस नसलेल्या मुलाला केवळ लोक काय म्हणतील म्हणून विज्ञानाला बसवणे मला त्याहून मोठे नुकसान वाटते. तशी मुले मी प्रयोगशाळेत उमेदवार म्हणून पाहिली आहेत. त्यांची वाचने नेहमी जुळतात, कारण ती जुळवून लिहिलेली असतात.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी एक गोष्ट विनाखर्च करता येते. इग्नूचे (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) तत्त्वज्ञानाचे अभ्याससाहित्य ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येते. त्यातून तर्कशास्त्राचा एक खंड घ्यावा, नीतिशास्त्राचा नको. नीतिशास्त्र सगळ्यांनाच पहिल्या दिवशी आवडते. महिनाभर रोज थोडा वाचावा, प्रत्येक प्रकरणाखालील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत, आणि ती घरातल्या किंवा शेजारच्या अशा माणसाला वाचून दाखवावीत जो हरकती घेतल्याशिवाय राहत नाही. त्याच्या हरकतींनी उत्तर पुन्हा लिहावेसे वाटले तर अर्ज भरावा. राग येऊन वही बंद करावीशी वाटली तर शुल्काचे पैसे राखून ठेवावेत आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाची चौकशी करावी.